धसका घेतलाय म्हणतात

मी भाषांतराचं काम करते. लोकांना वाटतं, कादंबऱ्या-बिदंबऱ्यांचं करत असेन. तसलं काही नाही. औषधाच्या खोक्यातले घडी घातलेले कागद, विम्याच्या अटी, दवाखान्याच्या भिंतीवर लावायची पत्रकं, हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणणारी कुणीतरी बाई असतेच ना, ती मी. या पत्रकांमध्ये एक शब्द हटकून येतो, ट्रॉमटाइज्ड. त्याला मी वर्षानुवर्षं ‘आघातग्रस्त’ लिहीत आले. डोक्याला काही विचारायच्या आत बोटं टाइप करून मोकळी व्हायची. ज्या एजन्सीचं काम घेते तिथली मुलगी अधूनमधून फोन करायची, “मॅडम, जरा सोपं करा ना, फार हेवी वाटतंय.” मग मी ‘ज्यांच्या मनाला मोठा धक्का बसला आहे अशा व्यक्ती’ असं लिहून द्यायची, आणि ती म्हणायची, “आता लांब झालं.” मी तिच्यावर खेकसायची आणि उठून चहा टाकायची. त्या शब्दाशी माझं भांडण एवढ्यापुरतंच होतं.

मग मागच्या मे महिन्यात आईबाबांचे शेजारी पडले.

आईबाबा दहिसरच्या पलीकडे गोडदेवला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. मी तिथेच वाढले. परळची चाळ सोडून इकडे आलो तेव्हा स्वतःची मोरी आणि स्वतःचा संडास मिळाला म्हणून आई कितीतरी दिवस विनाकारण हसायची. बिल्डिंग त्या काळातली, म्हणजे खाडीच्या रेतीची. त्या रेतीत मीठ असतं, ते आतलं लोखंड खात बसतं, आणि मग छज्ज्यांच्या पोटातून गंजक्या सळया बाहेर डोकावतात. हे सगळ्यांना माहीत असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी विषय निघतो, दर वेळी समोसे येतात, आणि विषय पुढच्या मीटिंगला जातो. पावसाळ्याआधी एक काम मात्र घरोघरी न चुकता होतं. खिडकीवर निळी ताडपत्री बांधायची. त्यासाठी कुणाला तरी ग्रिलच्या बाहेर, छज्ज्यावर उतरावं लागतं.

आमच्याकडे ते काम समोरच्या दारातले दादा करायचे. मूळचे महाडकडचे, एसी दुरुस्त करायचे, त्यामुळे उंचीची भीती कशी ती ठाऊक नव्हती. बाबांपेक्षा बरेच लहान, बाबांना काका म्हणायचे, पण दोघांची दोस्ती बरोबरीची. दादा बाहेर आणि बाबा आत हे कायमचं ठरलेलं. बाबा आतून सुतळी द्यायचे, विटा द्यायचे, सूचना तर न मागता द्यायचे. आमच्या ग्रिलला छोटं दार आहे, त्यांच्या ग्रिलला नाही. म्हणून स्वतःची खिडकी झाकायलाही दादा आमच्याच खिडकीतून बाहेर पडायचे.

त्या सकाळी छज्जाच तुटला. दादांच्या पायाखालचा तुकडा गेला, आणि बाबांनी ग्रिलच्या दारातून उजवा हात घालून त्यांचं मनगट पकडलं. डाव्या हाताने ग्रिल धरून ठेवली. आई जिन्यात जाऊन ओरडत सुटली. खाली माणसं जमली. कुणी गाद्या आणायला धावलं, कुणी शिडी शोधायला. बाबा साठी ओलांडलेले, दादा अंगाने भरलेले. गाद्या यायच्या आत मनगट हातातून घसरलं.

मी तेव्हा डोंबिवलीला सासरी होते आणि मला तिसरा महिना लागला होता. अशा दिवसांत नको म्हणून आईने मला बरेच दिवस काही कळूच दिलं नाही. नंतर कळलं ते बाबांच्या तोंडून, आणि तेव्हाही ते मला सांगत नव्हते.

झालं असं, की समाचाराला माणसं येत होती. आपल्याकडे काही बरंवाईट झालं की माणसं येतात, बिस्किटांचा पुडा घेऊन येतात आणि टेकल्या टेकल्या विचारतात, “कसं झालं हो?” ज्या घरातला माणूस गेला तिथे हे विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून दादांच्या घरी थोडा वेळ मान खाली घालून बसायचं, आणि मग उठून समोर आमच्याकडे यायचं. आमच्याकडे चहा होता आणि सांगणारा माणूस होता. बाबा पहिल्यापासून सांगायचे. उजवा हात पुढे करून दाखवायचे, असं धरलं, असं. मी भेटायला आले त्या दिवशी दहिसरचे कुणी लांबचे नातेवाईक सोफ्यावर बसले होते. बाबा हात हवेत ताणून सांगत होते आणि पाहुणे बिस्किट हातात धरून, डोळे मोठे करून ऐकत होते. आई मला दारातच हळूच म्हणाली, “बोलतायत ते बरंय गं. मन मोकळं होतं.”

घरात सगळ्यांचं हेच मत होतं. रत्नागिरीहून मामा आला, त्याच्यासाठी परत पहिल्यापासून. बाबांचे जुने ऑफिसवाले आले, त्यांच्यासाठी परत. कुणी मध्येच आलं तर “अहो, ह्यांना सुरुवात सांगा ना” असं बाकीचे म्हणायचे. मला त्या चहाच्या कपांचा असा संताप आला होता की एकेक उचलून त्याच खिडकीतून खाली टाकावासा वाटे. पण आलेल्या माणसाला विचारू नका म्हणायची आपल्यात रीत नाही. आणि बाबा इतकं नीट सांगायचे, न अडखळता, की हा माणूस सावरलाय असंच कुणालाही वाटावं.

मग एकदा पाहुणे गेले, बाबांनी हात खाली घेतला, आणि मूठ मिटेना.

आईला आधी वाटलं, हात आखडलाय. तिने तेल चोळलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. बोटं हलायची, सरळ व्हायची, पण कशावरही मिटायची नाहीत. कप धरता येईना, किल्ली धरता येईना, शर्टाची बटणं आई लावायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि हाड ठीक आहे म्हणाले. नसांच्या डॉक्टरांनी तारा लावून बघितलं आणि नसा उत्तम आहेत म्हणाले. सगळं उत्तम असलेला तो हात घेऊन बाबा घरी यायचे आणि डाव्या हाताने जेवायचे. डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये म्हणून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचे. देवळात जाणंही बंद केलं. प्रसादाला डावा हात पुढे करायचा कसा, आणि उजव्यात तीर्थ ठरत नाही. मला हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी बसल्या जागी हमसाहमशी रडले.

या सगळ्याला प्रत्येकाकडे एकेक शब्द होता. खालच्या मजल्यावरची गुजराती काकी म्हणाली, “अंकलने आघात लाग्यो छे.” इस्त्रीवाला कपड्यांची थप्पी ठेवता ठेवता म्हणाला, “अंकल को सदमा लगा है, माताजी.” राईहून भाजी घेऊन येणारी मावशी म्हणाली, “भेव बसलाय त्यांना, दुसरं काय न्हाय.” आणि आई सगळ्यांना एकच सांगायची, “धसका घेतलाय हो त्यांनी.”

हा धसका आमच्या घरात फार जुना. मी लहानपणी कुत्र्याचा घेतला होता, मग गणिताचा घेतला. आईने लग्नानंतर सासूचा घेतला होता, आणि ते ती हसत हसत सांगते. दर वेळी उपाय ठरलेला असायचा. मीठमोहऱ्या उतरायच्या, अंगारा लावायचा, फारच झालं तर गावी निरोप धाडून देवापुढे गाऱ्हाणं घालायला सांगायचं. बाबांसाठी तिने हे सगळं यथासांग केलं. पण आमच्या घरात हाच शब्द आणखी एका ठिकाणी वापरतात. आईच्या काकांचा मुलगा समुद्रात गेला, तेव्हा काकांनी धसका घेतला आणि वर्षाच्या आत तेही गेले. बाबांचे मोठे भाऊ गिरणी बंद झाली त्याचा धसका घेऊन गेले. गणितालाही तोच शब्द आणि मरणालाही तोच. आई फोनवर कुणाला तरी “धसका घेतलाय” म्हणाली की यातला कुठला, हे तिला विचारायची माझी हिंमत व्हायची नाही.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी आले आणि हट्टाने बाबांना मनाच्या डॉक्टरकडे नेलं. जिना चढता चढता ते म्हणाले, “वेड्यांची डॉक्टर ना ही?” मी म्हटलं, “हो, आणि मीही तिथेच जाणारे, चला.” डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. तिने बाबांना काहीच सांगायला लावलं नाही. मला म्हणाली, हा ट्रॉमा आहे, वेळ लागेल. त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका आणि हातावर कसलीही जबरदस्ती करू नका.

येताना रिक्षात बाबांनी विचारलं, “काय म्हणाली ती? मराठीत सांग.”

“तुमच्या मनावर मोठा आघात झालाय म्हणाली.”

“कुणावर?”

“तुमच्यावर, बाबा.”

ते जरासे हसले, कुणाची चूक सांभाळून घेताना हसतात तसे. “आघात त्याच्यावर झाला. मी तर उभाच होतो.”

“मग आई म्हणते तसं म्हणा. धसका.”

“धसका घाबरणाऱ्याला बसतो. मी घाबरलो नव्हतो. घाबरलो असतो तर हात आतच ओढून घेतला असता ना.” रिक्षा सिग्नलला थांबली. बाबा तो उघडा हात मांडीवर ठेवून बघत होते. “तू एवढं इकडचं तिकडे करतेस. जो उभा राहिला त्याच्यासाठी काही नाही का तुमच्यात?”

माझ्याकडे खरंच काही नव्हतं. मी पर्समध्ये रिक्षाचे सुटे पैसे शोधायला लागले.

त्याच सुमारास एजन्सीचं काम आलं, आघातग्रस्त व्यक्तीशी कसे वागावे. पाय सुजलेले, पोटावर लॅपटॉप, आणि मी लिहितेय, त्यांना आश्वस्त करा, त्यांच्याशी संयमाने बोला. आई मागून वाचत होती. म्हणाली, “पूरग्रस्तांना निदान तांदूळ देतात, घोंगड्या देतात. ह्यांना काय देतात गं?” मी म्हटलं, “काही देत नाहीत. नाव देतात.” आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली ते बघून मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. ते काम मी परत पाठवून दिलं.

मग मुलगा झाला. बाळ घरी आलं तेव्हा बाबा बेडरूमच्या उंबऱ्यावर उभे राहिले. उजवा हात पाठीमागे. “छान आहे,” म्हणाले, “नाक आपल्याकडचं आहे.” आत आले नाहीत. पुढे डाव्या हाताने पाळण्याची दोरी ओढायला लागले, दुपार दुपार ओढत बसायचे. पण पाळण्यात वाकायचे नाहीत. बाळ रडलं की दोरी सोडून आईला हाक मारायचे. मी एकदा म्हटलं, “बाबा, तुम्ही पलंगावर बसा. मी फक्त मांडीवर ठेवते.”

“पडेल.”

“मांडीवरून कसा पडेल? मी आहे ना शेजारी.”

“माणूस पडतो,” ते म्हणाले आणि बाहेर गॅलरीत गेले.

मला त्या दिवसांत एकच हवं होतं. सासरी जायच्या आधी एकदा, एकदाच, बाबांनी त्याला घ्यावं. मी लहान असताना गोडदेवच्या बाजारात त्यांनी मला खांद्यावर घेतलेलं मला आठवतं, माझ्या दोन्ही पायांचे घोटे त्यांच्या मुठीत असायचे. तो माणूस मला परत हवा होता. त्यांनी बाळाला घेतलं तर माझे बाबा परत आले. नाहीतर तेही मे महिन्यात दादांबरोबर त्या खिडकीतून गेले, असं मी मनाशी धरून चालले होते. आणि दिवस संपत आले होते, सव्वा महिन्याने बारसं आणि बारशानंतर डोंबिवली.

आईलाही तेच हवं होतं, पण तिच्या पद्धतीने. बारशाच्या आधी भाज्या निवडताना ती म्हणाली, “एकदा हातात पडू दे. आपोआप धरतील. आमच्याकडे पोहायला असंच शिकवायचे. कमरेला सुके नारळ बांधून विहिरीत ढकलून द्यायचे.”

“आणि तू बुडत नव्हतीस?”

“गेलं की पाणी नाकातोंडात. पण शिकले ना?”

मी भडकलेच. डॉक्टर काय म्हणाली ते तिला परत ऐकवलं, माझं मूल म्हणजे सुका नारळ नाही म्हणून सांगितलं, आणखीही बरंच बोलले. ती म्हणाली, “डॉक्टरने त्यांना दोनदा पाहिलंय. मी आयुष्यभर पाहतेय.” मग ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे ऐकलं, असं मला वाटलं. इतकी वर्षं तिच्या पोटची असून मला एवढंही कळलं नाही!

दुसरं भांडण वहिनींवरून झालं. वहिनी म्हणजे दादांची बायको. दादा गेल्यावर ती मुलांना घेऊन महाडला भावाकडे गेली होती आणि शाळेसाठी परत आली होती. पण आमच्या घरात तिने पाऊल ठेवलं नव्हतं. जिन्यात भेटली तर मान हलवायची, बस. तिच्या कडीचा आवाज आला की बाबा आतल्या खोलीत निघून जायचे. ती बाबांना दोष देते, असं आम्ही आपसात धरूनच चाललो होतो. कुणी विचारलं नव्हतं. बारशाला तिला बोलवायचं मी म्हटल्यावर आई कळवळून म्हणाली, “अगं, वर्ष नाही झालं. पाळण्याजवळ तिला कसं बोलवायचं? लोक काय म्हणतील? आणि तिला तरी बरं वाटेल का?” मी म्हटलं, “ती नसेल तर बारसं नको, घुगऱ्या तूच खा.” मी स्वतः जाऊन बोलावलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

ती आली. फिकट साडी नेसून आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली, चपला काढायच्या जागेला लागून. आईने सगळ्या बायकांना हळदकुंकू लावलं आणि तिच्यापाशी येऊन नुसतीच थांबली, मग तिच्या हातात घुगऱ्यांची पुडी दिली. वहिनीने ती ओटीत ठेवली. घर माणसांनी गच्च भरलं होतं. भाड्याने आणलेल्या पाळण्याला झेंडूच्या माळा. बाबा स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे होते, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

आमच्याकडे नाव ठेवायच्या आधी बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवतात. एका बाजूची बाई देवाचं नाव घेऊन ‘हा घ्या’ म्हणते, पलीकडची ‘घेतला’ म्हणते, मगच पहिलीने हात काढायचे. माझी मावशी अलीकडे होती, नणंद पलीकडे. एकदा खालून झालं, एकदा वरून झालं. बायका हसत होत्या. तिसऱ्या वेळी मावशीने आईकडे बघितलं, आईने किंचित मान हलवली, आणि मावशी पाळण्याकडे न वळता उलटी वळली. “आता आजोबा घ्या!” म्हणाली, बाळ बाबांच्या छातीवर ठेवलं आणि हात काढून घेतले.

बाबांची मूठ मिटली. त्या उजव्या हाताची. बाळाचा दंड त्या मुठीत आला आणि डावा हात पाठीखाली गेला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई “घेतलं! घेतलं गं बाई!” म्हणत देव्हाऱ्याकडे वळून हात जोडायला लागली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मीही हसले असेन. निमिषभर मला सगळं मिळालं होतं.

मग बाळाचं रडणं बदललं. बाळाच्या आईला ते कळतं, कितीही टाळ्या चालू असल्या तरी कळतं. दंड बाबांच्या बोटांखाली पांढरा पडला होता आणि कोपराखाली हात लालभडक. मी धावले. “बाबा, द्या. बाबा, त्याला दुखतंय.” ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खिडकीवर होती आणि ओठ हलत होते. मी अगदी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. “गाद्या आणतायत. थांब. गाद्या आणतायत.”

मी त्यांचं एक बोट उचलायला बघितलं. उचललं जाईना. जो हात कप धरू शकत नव्हता त्यात एवढा जोर कुठून आला होता! माझ्या नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं तसे ते ओरडले, “ओढू नका! ओढलं की सुटेल!” बाळाला श्वास घ्यायला सुचत नव्हतं इतकं ते किंचाळत होतं. मी माझ्या बापाच्या हाताला नखं लावत होते, मी खोटं कशाला सांगू, चावायचं पण माझ्या मनात आलं होतं. आई मध्ये पडली, मावशी रडायला लागली, कुणीतरी पाणी आणा म्हणत होतं. मला वाटलं, आता हाड मोडणार.

वहिनी कधी उठली ते मी पाहिलं नाही. बायका बाजूला झाल्या आणि ती बाबांच्या समोर उभी होती. तिने मला कोपराने सरकवलं. एक तळवा बाळाच्या डोक्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि ओढलं नाही. नुसता भार घेतला.

“काका,” ती म्हणाली, “मी धरलंय. खालून धरलंय.”

बाबांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. “नक्की?”

“नक्की धरलंय. आता सोडा तुम्ही.”

करंगळी सैल झाली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा शेवटी निघाला. बाळ पूर्णपणे तिच्या हातांवर आलं तरी बाबांचा हात तसाच पुढे होता, उघडा.

“त्या दिवशी खालून धरायला कुणीच नव्हतं गं,” बाबा म्हणाले. इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलं, त्यात हे वाक्य कधी नव्हतं.

“मला माहितीये, काका,” ती म्हणाली. “मी खालीच होते. भाजी आणायला गेले होते, मी खालूनच बघत होते. तुम्ही किती धरलंत ते मी बघितलंय.”

ती हे कुणालाच बोलली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं. समाचाराला आलेल्या एवढ्या माणसांतून एकानेही तिला विचारलं नव्हतं. बाबा चौकटीतच खाली बसले, भिंतीला पाठ टेकून, आणि मोठ्याने, तोंड उघडं टाकून रडायला लागले. आई त्यांच्याजवळ बसली, पण त्यांना हात लावायची तिला हिंमत होईना.

वहिनीने बाळ माझ्याकडे दिलं. “घे,” म्हणाली. “घेतलं,” मी म्हटलं. तिने हात काढले. बाळाच्या दंडावर चार बोटं उमटली होती. ते हळूहळू गप्प होत गेलं, हुंदके देत देत माझ्या खांद्यावर तोंड घासायला लागलं. खोलीत सगळे एकदम बोलत होते, मावशी मला काहीतरी समजावत होती, कुणीतरी बर्फ आणला होता. मग माझ्या लक्षात आलं, की वहिनी माझ्या मनगटाला धरून हलवतेय आणि आई जमिनीवरून मान वर करून मला सांगतेय, “अगं सैल धर त्याला, गुदमरेल तो.” बाळ परत रडायला लागलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं, पण माझी बोटं सुटत नव्हती.